चौथा उद्गार

"चौथा उद्गार तुम्ही घ्या, शांतवनभाऊ," त्रिभुवन पाळक म्हणाले आणि बशीतल्या चहावर त्यांनी फुंकर घातली.

मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो होतो. उजवा हात नेहमीसारखा पंच्याखाली होता. मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"कशाचा उद्गार?"

"उत्तम शुक्रवारचा. सहा जण ठरले, चौथा राहिलाय. तो तुम्ही घ्या."

आमच्या देवळात (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूनं वधस्तंभावरून जे सात उद्गार काढले, त्यांच्यावर मंडळीतले सात जण बोलतात. एकेकाला एकेक उद्गार वाटून दिलेला असतो. पहिला क्षमेचा, म्हणून तो मागून घेतात. शेवटचा पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, स्वतःकडे ठेवतात. चौथा म्हणजे, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?

तो माझ्या वाट्याला.

"चेष्टा करता का माझी?" मी विचारलं.

पाळकांनी बशी खाली ठेवली. साठी उलटलेला, सडपातळ माणूस. सायकलवरून पाच वाड्यांच्या मंडळ्या सांभाळायचा. चेष्टा त्यांच्या स्वभावातच नव्हती.

"नाही. का?"

"मी काय बोलणार? मी काय पंडित आहे? आणि मी देवळात येतो तरी का आता?"

"येत नाही, म्हणूनच घरी आलो विचारायला," ते म्हणाले. "येत असता तर तिथंच विचारलं असतं."

आतून सगुणा आली. माझी बायको. तिनं बशी उचलली, माझ्याकडे पाहिलं नाही, पाळकांना म्हणाली, "ते घेतील. तुम्ही लिहून टाका त्यांचं नाव."

"मी हो म्हटलं नाही," मी म्हणालो.

"नाहीपण म्हटलं नाही," ती म्हणाली आणि बशी विसळायला गेली.

पाळकांनी सायकल काढली. फाटकाशी थांबून म्हणाले, "पाच-सात मिनिटं बोललात तरी पुष्कळ. जय ख्रिस्त." आणि निघून गेले.

मी तसाच बसून राहिलो. समोर शेळी रवंथ करत होती. ऊन अंगणभर पसरलं होतं. आणि डोक्यात ते पुन्हा सुरू झालं.

ते काय, हे आधी सांगायला हवं.

प्रवरेकाठी आमचं गाव. माझा दोन एकरांचा मळा. पण पंचक्रोशीत मला मळ्यासाठी कोणी ओळखत नव्हतं, ढोलकीसाठी ओळखत होते. आमचं भजनी मंडळ होतं. याकोबमामा पेटीवर, मी ढोलकीवर. मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. लहानपणी त्यांनीच मला मांडीवर बसवून पहिला ठेका शिकवला. नाताळ, पुनरुत्थानाचा सण, हंगामाचा सण, लग्नं, कुठंही बोलावणं आलं की आम्ही निघायचो. मामा सूर धरायचे आणि मी डोळे मिटून वाजवायचो. आयुष्यात प्रार्थना अशी मी फारशी केली नव्हती. ढोलकी हीच माझी प्रार्थना होती, आणि मला वाटायचं, देवालाही ते चालतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी चारा कापायच्या कुट्टीच्या मशीनमध्ये हिरवा मका सारत होतो. सदऱ्याची बाही मक्याच्या ताटात अडकली आणि ताटाबरोबर हात आत गेला. सगुणानं धावत येऊन बटण बंद केलं. दवाखान्यात डॉक्टरांनी जे वाचवता आलं ते वाचवलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बाकी तीन बोटं गेली.

जखम लवकर भरली. पण ती भरत होती तसं डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं. तो माझाच आवाज होता, माझ्याच बोलण्यातला. सकाळी डोळा उघडला की म्हणायचा, उठलास? कशाला? दूध काढता येत नाही, विळा धरता येत नाही. सगुणा दोघांचं काम ओढते. ती बोलत नाही, पण कंटाळलीय. लेक सासरी सुखात आहे, तिला काय सांगशील? देवळाची आठवण आली की म्हणायचा, तुझं वाजवणं देवाला नको होतं, नाहीतर नेमका हाच हात का घेतला? लोक भेटायला यायचे. कोणी म्हणायचं देवाची इच्छा, कोणी म्हणायचं परीक्षा आहे. एक बुजुर्ग तर जाता जाता म्हणाले, "शांतवन, काही गुप्त पाप असलं तर आठवून बघ." मी आठवून बघू लागलो. त्या आवाजाला तेवढंच हवं होतं.

नाताळात मंडळ गात गात आमच्या दाराशी आलं. मी आतून कडी लावून घेतली. ढोलकीवर शेजारच्या गावचा कोणी पोरगा आणला होता. तो ठेका सोडत होता. मला आतल्या आत आनंद झाला, आणि मग त्या आनंदाचीच भीती वाटली. बाहेर मामांनी एकदाच हाक मारली, "शांतवन!" मी ओ दिली नाही. त्यानंतर मी देवळात गेलो नाही.

असा मी, आणि मला चौथा उद्गार.

संध्याकाळी सगुणा भाकरी थापत होती. मी चुलीपाशी जाऊन बसलो.

"तू कशाला मधे बोललीस?"

"मग काय करू?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "घरात माणूस आहे आणि आवाज नाही. शेळीशी बोलते मी. शेळी तरी में करते."

"मला बोलायला काय येतं?"

"ढोलकी वाजवायला तुम्ही शाळेत गेला होतात का?"

"ढोलकीचं नाव काढू नको."

भाकरी फुगली, तिनं ती काढून माझ्या ताटात टाकली. मग हळूच म्हणाली, "मामांना विचारा. मामा सांगतील काय बोलायचं ते."

दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मामांसाठी वांगी दिली आणि म्हणाली, "एवढी पोचवा." वांग्यांचं निमित्त आहे हे मला कळत होतं. तरी गेलो.

मामा ओट्यावर पेटीचा भाता उघडून बसले होते. त्यात उंदरानं भोक पाडलं होतं आणि ते चामड्याचं ठिगळ चिकटवत होते. मला पाहून त्यांनी नुसतं, "ये, बस," म्हटलं. नाताळपासून आमची गाठ नव्हती, पण त्याचा त्यांनी शब्द काढला नाही.

"धर हे दाबून," ते म्हणाले.

मी डावा हात पुढे केला. त्यांनी पाहिलं आणि ठिगळ माझ्या डाव्या अंगठ्याखाली सरकवलं.

"मामा, पाळकांनी मला चौथा उद्गार दिलाय."

"कळलं मला."

"काय बोलू त्याच्यावर? लोक उत्तर ऐकायला येणार. देवानं का सोडलं, याचं उत्तर मी काय देणार? मलाच ठाऊक नाही."

मामांनी डिंकाचं बोट धोतराला पुसलं. "हा उद्गार कुणाचा?"

"प्रभूचा."

"त्याला उत्तर मिळालं?"

मी आठवू लागलो. लहानपणापासून दर वर्षी ऐकलेलं. अंधार पडतो, येशू ओरडतो, लोक काहीबाही बोलतात, कोणी त्याला आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, पाजतो. "वरून काही उत्तर आल्याचं मला तरी आठवत नाही."

"मलाही नाही. मग त्याला त्या वेळी मिळालं नाही, ते तू कुठून देणार?"

"मग मी बोलू काय?"

"ते मला काय माहीत? मी पेटीवाला. दाब नीट, सुटतंय."

मी दाबून धरलं. डिंक वाळेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो. निघताना मामा म्हणाले, "तू ये. बोलला नाहीस तरी चालेल. पण ये."

मी एक भाषण तयार केलं. सगुणानं ते माझ्याकडून रोज म्हणवून घेतलं. ती निवडत, कांडत, झाडत असायची आणि मी तिच्यामागे म्हणत फिरायचो. माणसाचं पाप, देवाचं पवित्र असणं, दोघांमधली दरी, येशूनं ती आपल्या अंगावर घेतली. लहानपणापासून ऐकलेलंच सगळं. खोटं त्यात काही नव्हतं. पण म्हणताना मला वाटायचं, मी दुसऱ्याच्या लग्नात दुसऱ्याचा कोट घालून उभा आहे.

आणि तो आवाज थांबला नव्हता. उलट म्हणायचा, जा, उभा राहा. सगळे हाताकडेच बघतील. तू बोलत असशील पापावर, आणि ते तुझी बोटं मोजतील.

शुक्रवारी सगुणानं पांढरं लुगडं नेसलं. त्या दिवशी आमच्या बाया पांढरंच नेसतात. मी धुतलेला सदरा घातला, खांद्यावरून उपरणं घेतलं आणि उजवा हात त्याखाली घातला. ऊन रणरणत होतं. ज्वारी निघालेली होती, रानं मोकळी पडली होती.

देऊळ भरलं होतं. खिडक्या उघड्या, पण वारा यायचा तो गरमच. पुढच्या वधस्तंभावर काळं कापड टाकलेलं. सगुणा बायकांच्या बाजूला बसली. मला पाळकांनी पुढच्या बाकावर, बोलणाऱ्यांत बसवलं. पेटीमागे मामा होते. त्यांच्या शेजारची ढोलकीची जागा रिकामी होती. उत्तम शुक्रवारी आम्ही ढोलकी वाजवत नाही, दरवर्षी ती जागा रिकामीच असते. तरी मी तिकडे बघायचं टाळलं.

पहिला उद्गार शाळेच्या हेडमास्तरांनी छान सांगितला. गाणं झालं. दुसरा झाला. तिसऱ्याला एक वयस्क बाई बोलल्या, आईबद्दल, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गाणं झालं.

"चौथा उद्गार," पाळक म्हणाले, "शांतवन ओहोळ."

मी उठलो. व्यासपीठाची एक पायरी चढलो. शास्त्र उघडं ठेवलेलं होतं. मी वाचायला वाकलो आणि खिडकीतून वाऱ्याचा झोत आला, पानं फडफडून उलटली. मी डाव्या हातानं पान शोधलं, ते पुन्हा उलटलं. तेव्हा काही न सुचून मी दुसरा हात बाहेर काढला आणि पान दाबून धरलं.

सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. पांढऱ्या पानावर माझा हात, अंगठा आणि बोट, आणि पुढे सपाट.

मी वचन वाचलं आणि भाषणाला सुरुवात केली. "माणसाचं पाप आणि देवाची पवित्रता यांच्यामध्ये मोठी दरी आहे." दोन वाक्यं झाली असतील. पुढचं सगळं तोंडपाठ होतं, पण जीभच उचलेना.

"मला यातलं काही कळलेलं नाही," मी म्हणालो.

मी शास्त्रावरून मान वर केली.

"खरं सांगतो. हे मी पाठ करून आलो. हा उद्गार मला समजावून सांगता येत नाही. पण मला तो ओळखीचा आहे. दिवाळीपासून मी हेच म्हणतोय. उठताना, जेवताना, गोठ्यात बसून. देवानं मला सोडलं. देवानं मला टाकलं. हात घेतला, वाजवणं घेतलं. मी कोणाच्या कामाचा नाही. मेलेलं बरं, असंही मी म्हटलंय."

बायकांच्या बाजूला कोणाची तरी बांगडी वाजली. मी तिकडे पाहिलं नाही. माझी नजर खाली गेली, पानावर, माझ्या हाताखालच्या ओळीवर. मी ती पुन्हा मनात वाचली. पुन्हा वाचली. चाळीस वर्षं ऐकलेली ओळ, आणि तिचा पहिलाच शब्द माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

"माझ्या," मी म्हणालो.

लोकांना वाटलं असेल, याचं डोकं फिरलं.

"माझ्या देवा, असं म्हणतो तो. मी म्हणतो, देवानं मला सोडलं. भिंतीला म्हणतो, शेळीला म्हणतो, मनाशी म्हणतो. देवाबद्दल म्हणतो. त्याच्या पाठीमागं. त्यानं तसं केलं नाही. खिळे मारले होते, जीव जात होता, वरून काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी तो त्यालाच विचारतो. माझ्या देवा, म्हणून विचारतो."

मग मी जे केलं ते कोणी करत नाही. मी लोकांकडे पाठ केली. काळ्या कापडानं झाकलेल्या त्या वधस्तंभाकडे वळलो आणि बोललो. मोठ्यानं, जसं शेताच्या ह्या टोकावरून त्या टोकाला बोलतात तसं.

"माझ्या देवा," मी म्हणालो, "तू माझा हात का घेतलास? मी दुसरं काय करत होतो? तुझ्यासाठीच वाजवत होतो ना? मी घाबरलोय. पुढं काय करायचं मला समजत नाही. सगुणा दमलीय आणि मला तिच्याकडं बघवत नाही. मला रोज सकाळी वाटतं की मी संपलो. तू सांग मला, मी संपलो का? तुला विचारतोय. दुसऱ्या कोणाला विचारून थकलो."

आणखीही बोललो. सगळं आता आठवत नाही. शेवटी शब्द संपले आणि मी तसाच उभा राहिलो.

कोणी उत्तर दिलं नाही. कापड हललं नाही, उजेड पडला नाही. पण एक गोष्ट झाली, ती जशी झाली तशी सांगतो. ढोलकी वाजवताना मी डोळे मिटायचो. पेटी कुठं आहे हे बघायची गरज नसायची. कधी मामा मध्येच सूर सोडून थांबायचे, मला एकट्याला वाजवू द्यायचे. तेव्हाही ते आहेत, भात्यावर हात ठेवून ऐकताहेत, हे मला पाठीला कळायचं. तसंच तिथं उभं असताना कळलं. पेटी थांबलेली होती. वाजवणारा उठून गेलेला नव्हता.

आणि डोक्यातला तो आवाज गप्प होता. त्याला बोलायला काही उरलंच नव्हतं. त्याचं सगळं मीच मोठ्यानं, ज्याला सांगायचं त्याला सांगून टाकलं होतं.

आता गाणं व्हायला हवं होतं. प्रत्येक उद्गारानंतर होतं. पण पेटी वाजेना. मी वळून पाहिलं. मामांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मग बायकांच्या बाजूनं एकटा आवाज उठला.

सगुणा गात होती.

माझ्या बायकोला सूर नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तिलाही. मंडळ गायचं तेव्हा ती नुसते ओठ हलवायची. त्या दिवशी ती एकटी उभी राहून गात होती. भलत्याच पट्टीत, आणि पहिल्याच ओळीला आवाज फाटला. पण ती थांबली नाही. मामांनी डोळे पुसले, पेटीवर बोटं ठेवली आणि तिची पट्टी शोधू लागले. एक सूर दाबला, जमला नाही. दुसरा दाबला. तिसऱ्याला सापडली. मग हळूहळू बाकीचेही तिच्यामागे गाऊ लागले. सगळं देऊळ त्या अडनिड्या पट्टीत गायलं.

गाणं संपलं. त्रिभुवन पाळक उठले. माझ्यावर एक शब्द बोलले नाहीत, समजावलं नाही, प्रार्थनाही केली नाही.

"पाचवा उद्गार," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाचं नाव घेतलं.

मी बाकावर जाऊन बसलो. उपरणं मांडीवर होतं, हात त्याच्यावर. झाकायचं राहूनच गेलं.

उत्तम शुक्रवारी उपासना सुटल्यावर आम्ही एकमेकांशी बोलत नाही, गुपचूप घरी जातो. म्हणून कोणी मला काही विचारलं नाही. ज्यांनी गुप्त पाप आठवायला सांगितलं होतं, ते बुजुर्ग चपला शोधत होते. मान वर न करता गेले. मला त्यांचा राग आला नाही.

मी आणि सगुणा मोकळ्या रानातून घरी निघालो. ती पुढे, मी मागे. ओढा ओलांडल्यावर ती थांबली आणि माझ्या बरोबरीनं चालू लागली.

"ऐकलं ना?" ती म्हणाली.

"काय?"

"मी गायले ते."

"ऐकलं."

"वाईट होतं ना?"

"फार," मी म्हणालो.

ती हसली. दिवाळीपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. रस्त्यात दोघंच, उत्तम शुक्रवारची दुपार आणि आम्ही हसत होतो. आवरायचा प्रयत्न केला की जास्तच यायचं.

मग थोडं चालून झाल्यावर ती पुढे बघत, अगदी बाजारहाट सांगावी तशी म्हणाली, "वांग्यांवर कीड पडलीय. फवारायला पाहिजे."

"औषध कुठंय?"

"मामांकडं."

"मामांकडं कसं?"

पायांखाली ज्वारीची धसकटं मोडत होती.

"नाताळनंतर मीच नेऊन ठेवलं," ती म्हणाली. "उद्या जाऊन घेऊन या."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढेच बघत होती. जानेवारीतल्या एका सकाळी, ती मळ्यात गेली असताना, मी गोठ्याच्या माळ्यावर त्या औषधाच्या डब्यासाठी हात घातला होता. तिथं नुसती धूळ होती. कधी संपलं असेल, आठवत नाही, असं म्हणत मी खाली उतरलो होतो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. देवळात, देवाला सांगतानासुद्धा ते तोंडातून निघालं नव्हतं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"कळलं नव्हतं," सगुणा म्हणाली. "भीती वाटली. मला पण वाईटसाईट विचार येतात. मग मी देवाला म्हटलं, तू बघ यांच्याकडं, मी डब्याकडं बघते."

मी बांधावर बसलो. तीही शेजारी बसली, पांढऱ्या लुगड्याला माती लागेल याचा विचार न करता. मग ती म्हणाली, "उठा. शेळी ओरडत असेल."

शनिवारी सकाळी मी मामांकडे गेलो. त्यांनी खाटेखाली वाकून फडक्यात गुंडाळलेला डबा काढला.

"घेऊन जा एकदाचा," ते म्हणाले. "याच्यावर झोपून माझी पाठ धरली."

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक? सगुणा म्हणाली ठेवा, मी ठेवला. रात्री आडवं व्हायचं म्हटलं की हा आठवायचा. हा आठवला की तू आठवायचास. मग गुडघे टेकणं आलं." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. कुठल्या हातात द्यायचा याचा विचार त्यांनी केला नाही, मीही केला नाही. मी उजवा पुढे केला होता. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कडी बसली.

याला आता खूप वर्षं झाली. मामा गेले, त्रिभुवन पाळकही गेले. मी पुन्हा ढोलकी वाजवली नाही, ती त्या शेजारच्या गावच्या पोराला दिली. त्याला बसवून ठेका शिकवला तो मात्र मी. तोंडानं बोल म्हणायचे आणि मांडीवर डावा हात मारायचा, एवढं मला येतं. आज तो माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. हे मी खुशीनं सांगतो.

ते विचार गेले का, असं लोक विचारतात. येतात. पावसाळी हवेत हात ठणकला की हटकून येतात. मी गोठ्यात जातो आणि "माझ्या देवा" म्हणून सुरू करतो, मोठ्यानं. सगुणा आतून ओरडते, "झालं का तुमचं? चहा निवतोय." आणि बहुतेक वेळा तोवर झालेलं असतं.

पाळकांना मी एकदा विचारलंही होतं, ते निवृत्त व्हायच्या आधी. "चौथा उद्गार तुम्ही मलाच का दिलात? देवानं सुचवलं का?"

ते म्हणाले, "उरला होता. अवघड म्हणून कोणी घेत नव्हतं. आणि तुमचं घर वाटेत होतं."

त्या शनिवारी मी औषध घेऊन घरी आलो. सगुणानं पाणी भरून ठेवलं होतं. तिनं पंप माझ्या पाठीवर चढवला, पट्टे आवळले. डाव्या हातानं दांडा मारायचा आणि उजव्यानं नळी धरायची. दोन बोटांत नळी नीट धरता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी एका सरीला लागलो. ती तोंडाला पदर बांधून माझ्यापुढे चालत होती आणि पानं उलटून उलटून दाखवत होती, "इथं मारा. इथं पण. अहो, इथलं राहिलं."

दुपारपर्यंत सगळ्या सऱ्या झाल्या.

त्या वर्षी वांगी चांगली आली.